दिवसा झोपणाऱ्या माणसाची खोली

मी काय काम करत होते हे एखाद्याला कळलं, की पाच मिनिटांत तो पडद्यांचा रंग विचारतो. लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. गेल्या वर्षी दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात त्यांची दोन बोटं असताना विचारलं, की बाहेरच्या खोलीला फिकट निळा बरा की बदामी. घरांच्या आतल्या मांडणीचं काम तीस वर्षं केल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की पडदा कोणत्याही रंगाचा चालतो. पण हे लोकांना आवडत नाही. त्यांना वाटतं, बाई सांगायला टाळाटाळ करतात.

संपादकांनी मला या व्यवसायातल्या गमतीजमती लिहायला सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की आठवतो तो हे काम शिकतानाचा काळ, आणि तो आठवला की अजून माझी चिडचिड होते. तेव्हा तीच लिहिते.

१९५६ च्या आसपासची गोष्ट. चिंचवड स्टेशनच्या आजूबाजूला तेव्हा माळ होता, माळावर बाभळी होत्या आणि बाभळींमध्ये कुठेकुठे नव्या कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसायला लागली होती. त्यातल्याच एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. ड्राफ्ट्समन कागदावर पेन्सिलीनं नकाशा काढायचा. त्यावर खळ दिलेलं एक पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं जशीच्या तशी गिरवायची. त्या कापडावरून ब्लूप्रिंट निघायच्या. घामाचा एक थेंब कापडावर पडला तर पांढरा डाग पडे, आणि मग सगळा नकाशा पहिल्यापासून. उन्हाळ्यात आम्ही चौघी ट्रेसर मनगटाला रुमाल बांधून बसायचो. वाया गेलेलं कापड घरी नेऊन धुतलं, खळ गेली, की आतून फार मऊ सुती कापड निघे. माझ्या भाचीची पहिली झबली पंपांच्या नकाशांची होती.

आमचे हेड ड्राफ्ट्समन दीक्षितसाहेब. ते बोलत नसत. आम्ही गिरवलेला नकाशा ते मूळ नकाशावर ठेवून पाहत आणि चूक सापडली तर लाल पेन्सिलीनं तिच्याभोवती गोल करून कापड परत पाठवत. दोन वर्षांत ते माझ्याशी चारदोन वाक्यांपलीकडे बोलले नव्हते.

दिवसभर दुसऱ्याच्या रेघा गिरवून गिरवून मला स्वतःची एखादी रेघ काढायची फार हौस आली होती. त्यातच वर्तमानपत्रात जाहिरात वाचली, की पुण्यात नोकरदारांसाठी गृहसजावटीचा वर्षभराचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू होतोय. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी. मी भावाकडे राहत होते, चिंचवड गावात, दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. दादा म्हणाला, घर सजवायला आधी घर लागतं. वहिनी म्हणाली, जाऊ दे तिला, तेवढीच संध्याकाळी एक कमी. तिनं ते प्रेमानंच म्हटलं होतं.

वर्ग सहाला. कारखान्याचा भोंगा पाचला. दहा मिनिटं आधी सोडा म्हणून मी दीक्षितसाहेबांकडे अर्ज केला, तो लाल गोल होऊन परत आला. मग भोंगा झाला की मी स्टेशनकडे अक्षरशः पळत सुटायची. मी वेळेवर पोचले की पुण्याची गाडी उशिरा, आणि मला दोन मिनिटं उशीर झाला की ती वेळेवर. वर्षभरात हा नेम तिनं एकदाही मोडला नाही.

वर्ग भरायचा एका शाळेत, तोही पहिलीच्या खोलीत, कारण तेवढीच रिकामी असे. गुडघे हनुवटीला लागतील अशा बाकांवर आम्ही अकरा मोठी माणसं बसायचो. शिकवायला कर्णिकसर. सरांचं ड्रॉइंग छापल्यासारखं सुंदर होतं आणि माणूस मनानं चांगला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यांच्या विरुद्ध आहे. ते दोन वर्षं विलायतेत राहून आले होते आणि अजून पुरते परतले नव्हते. पहिला दीड महिना त्यांनी आम्हाला शेकोटीभोवतीची बैठक शिकवली. दिवाणखान्यात भिंतीत शेकोटी, तिच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, समोर कोच. आमच्यात दामूअण्णा म्हणून एक मांडव घालणारे कंत्राटदार होते. त्यांनी विचारलं, सर, पुण्यात एवढी थंडी कुठाय? सर म्हणाले, तत्त्व समजून घ्या. दामूअण्णांनी तत्त्व वहीत लिहून घेतलं. मी काढलेली शेकोटी सरांना इतकी आवडली, की त्यांनी ती भिंतीवर लावली. नंतर ती घरी नेऊन वहिनीला दाखवली तर तिनं विचारलं, यात देव कुठे बसवायचे?

शेवटच्या तिमाहीत प्रत्येकानं एक खरं घर घ्यायचं होतं. राहत्या माणसांचं. त्याचा नकाशा काढायचा, आतली मांडणी बदलायची, दोन-तीन महिने माणसांना त्यात राहू द्यायचं आणि मग परीक्षक येऊन बघणार. बाकीच्यांनी आपापल्या नातेवाइकांचे बंगले धरले. माझ्या नात्यात बंगला नव्हता. म्हणून मी कारखान्याच्या मागची कामगारांची वसाहत धरली आणि त्यातलं मारुती मुंगसेचं घर.

मारुती संध्याकाळी, भोंग्याच्या जरा आधी, आमच्या खिडकीवर ब्लूप्रिंट न्यायला यायचा. चाकणजवळच्या एका खेड्यातला, कांद्याच्या वावरातून कारखान्यात आलेला त्याच्या घरातला पहिलाच माणूस. उंच, रुंद खांद्याचा, आणि डोळे कायम लाल. मला वाटायचं, पीत असेल. मी घराबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, "रंग देनार आसाल तर या की बाई. भिंतीचे पोपडे निघत्यात." एवढ्यावर ठरलं.

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली बारा फूट लांब, दहा रुंद, मागे लहान स्वयंपाकाची. पुढचं दार एका अंगाला, आणि दोन खोल्यांमधलं दार बरोबर भिंतीच्या मधोमध. घरात मारुती, त्याची बायको सगुणा, आई, आणि तीन मुलं. मी टेपनं भिंती मोजल्या, खिडकी मोजली, ट्रंका मोजल्या. सगुणा चहा करून द्यायची आणि मी काय लिहिते ते दाराशी उभी राहून बघायची. तिनं काही विचारलं नाही आणि मीही तिला काही विचारलं नाही. इथेच माझं पहिलं चुकलं, पण ते कळायला अवकाश होता.

मी मांडणी केली ती सरांच्या शिकवणीप्रमाणे. भिंतींना फिकट हिरवा डिस्टेंपर. दोन ट्रंका एकत्र करून त्यावर गादी आणि चादर, म्हणजे कोच. खिडकीला आणि मधल्या दाराला खादीचे पडदे. एक फळी, तिच्यावर घासलेला पितळी तांब्या. सर येऊन बघून गेले आणि खूश झाले. म्हणाले, साध्या वस्तूंतून काय साधता येतं याचा हा नमुना आहे. मला परतीच्या वाटेवर गाणं म्हणावंसं वाटलं.

आठ दिवसांनी गेले. कोचावर कांद्याचं पोतं आडवं होतं, गावाकडून आलेलं, आणि पोत्यावर म्हातारीचे सांडगे वाळत होते. मधल्या दाराचा पडदा काढून त्याची झोळी केली होती आणि तिच्यात धाकटं मूल झोपलं होतं. पितळी तांब्या अर्थातच पाणी प्यायला गेला होता. मी म्हातारीला शक्य तितक्या गोडीनं सांगितलं, की आजी, ही बसायची जागा आहे. ती म्हणाली, "मंग बस की. कुणी न्हाई म्हनलंय?"

मी पोतं उचललं, सांडगे सुपात काढले, दुसरा पडदा शिवून आणला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. माझी आणि म्हातारीची ही कुस्ती तीन आठवडे चालली. रोज संध्याकाळी मी वहिनीजवळ चडफडायची, की या लोकांना चांगल्या घरात राहायचंच नाही. हे वाक्य पुढे तीस वर्षांत मी पुष्कळ आर्किटेक्टांच्या तोंडून ऐकलं. ऐकलं की मला माझीच लाज वाटते.

चौथ्या रविवारी सकाळी गेले तेव्हा सगुणा एकटीच ओट्याशी होती. मारुती कुठे म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, सायकलींच्या शेडमध्ये. सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये काय करतोय? सगुणानं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहून बोलली.

"रंग झ्याक हाय बाई. पन ह्यांनी निजायचं कुठं?"

मग एकेक कळलं. मारुती गेले सात महिने रातपाळीला होता. सकाळी आठला घरी यायचा आणि पुढच्या खोलीत आडवा व्हायचा, आणि त्याच वेळेला घर जागं झालेलं असायचं. मुलं शाळेला निघणार, शेजारणी पिठामिठाला येणार, म्हातारी उखळात मिरच्या कुटणार. मधलं दार मधोमध, त्यामुळे बाहेरून आत जाणारा प्रत्येक माणूस खोली उभी चिरत जायचा, म्हणजे मारुतीच्या डोक्याशी नाहीतर पायाशी. पूर्वी निदान भिंतीकडेला त्याची वळकटी पडायची. तिथे मी कोच केला होता. ट्रंकांवर तो मावत नव्हता. म्हणून तो शेडमध्ये सायकलींच्या मागे पोतं टाकून झोपायला लागला होता. त्या आठवड्यात मशीनवर त्याचा डोळा लागला. हात थोडक्यात वाचला, नुसती बोटं ठेचली. फोरमननं मेमो दिला. आणखी एकदा झोपताना सापडला तर कामावरून काढणार होते.

डोळे लाल का असतात, हे तेव्हा मला कळलं.

त्या दिवशी मी टेप बाहेर काढलीच नाही. पुढचा आठवडाभर रजा टाकली आणि रोज सकाळी आठपासून त्या खोलीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसले. कोण कुठून कुठे गेलं, काय वाजलं, एवढंच लिहायचं. पहिल्याच दिवशी दुपारच्या बारापर्यंत एकसष्ट वेळा माणसं खोली ओलांडून गेली होती. त्यातल्या नऊ वेळा मीच गेले होते. खरी मांडणी म्हणजे काय, हे मला त्या वहीनं शिकवलं, आणि पुण्याच्या वर्गात तो विषय कुणी काढलासुद्धा नव्हता. घरात सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न नंतरचा. माणसं कुठून कुठे जातात आणि एकमेकांच्या कशाच्या आड येतात, हे आधी बघायचं असतं.

पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी साचे करतात तिथे, सावंतमिस्त्री होते, मालवणकडचे. लाकडातलं त्यांना सगळं कळायचं. मी त्यांना विचारलं, की खोलीत लाकडाची आडभिंत घातली तर आवाज थांबेल का. त्यांनी विडी बाजूला ठेवली. "एक फळी लावशात तर ढोल होतलो तेचो," ते म्हणाले. "दोन फळये लावा आणि मधी भुसो भरा." भुशाला पॅटर्न शॉपमध्ये तोटा नव्हता. फळ्या यंत्रांच्या खोक्यांच्या, कारखान्यातून मोडीत निघणाऱ्या. मारुती आणि मिस्त्री यांनी दोन रविवारांत डोक्याच्या वर हातभर जाईल अशी दुहेरी भिंत उभी केली. वर हवेला जागा ठेवली, आतल्या बाजूनं घरातल्या गोधड्या टांगल्या, खिडकीला जाड झडप केली. मिरच्यांचं उखळ मागच्या ओट्यावर गेलं, आणि त्यासाठी मी म्हातारीचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. फक्त त्या मधल्या दारानं घात केला. जायला वाट सोडायची म्हणून भिंत अलीकडे वळवावी लागली आणि झोपायची जागा साडेपाच फूटच भरली. मारुती पावणेसहा फुटांच्या वर होता. तो म्हणाला, गुडघं मोडून निजीन.

सोमवारी सकाळी तो आत शिरला. दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. मी जेवणाच्या सुट्टीत धावत जाऊन आले तरी तो झोपलेलाच. संध्याकाळी सगुणानं सांगितलं, की दुपारी तिला भीती वाटली म्हणून तिनं आत जाऊन नाकाशी हात धरून पाहिला. श्वास चालू होता. तो साडेचारला उठला आणि भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, गावाकडं वावरात निजल्यासारखं वाटलं.

आयुष्यात मी पुढे मोठी कामं केली. पण त्या सोमवारसारखा दिवस परत आला नाही.

परीक्षक आले ते एका बुधवारी सकाळी अकराला. कर्णिकसर आणि बाहेरून आलेले एक वयस्कर गृहस्थ. मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन त्यांना स्टेशनवरून वसाहतीत आणलं. दारात सगुणा उभी. ती चौकटीला हात लावून म्हणाली, "सायेब, आत्ता न्हाई जमायचं. ते निजल्यात."

सर म्हणाले, "आम्ही पुण्याहून आलोय."

"व्हय. पन ते रातपाळीवरनं आल्यात."

मी सगुणाला बाजूला घेऊन विनवलं. शेवटी तिनं एका वेळी एकाला, वहाणा काढून, उंबऱ्यापर्यंत येऊ दिलं. सरांनी डोकं आत घातलं. त्यांना दिसलं ते असं. खोक्याच्या फळ्यांची ओबडधोबड भिंत, तिच्यावर जहाजकंपनीची काळी अक्षरं, त्यातली निम्मी उलटी. कोच नाही. पडदे नाहीत. ते बाहेर आले आणि आम्ही तिघं लिंबाच्या झाडाखाली उभे राहिलो. माझी तोंडी परीक्षा तिथेच झाली, तीही कुजबुजत, कारण खिडकी जवळ होती आणि सगुणा आमच्याकडे बघत होती.

सरांनी विचारलं, की यात रंगसंगती काय आहे. मी सांगितलं, आत अंधार आहे. त्यांनी विचारलं, बैठक कुठे आहे. मी म्हटलं, बसायला कुणाला वेळ नाही. वहीतल्या एकसष्ट फेऱ्या दाखवल्या. वयस्कर गृहस्थांनी वही हातात घेतली, दोन पानं उलटली, आणि मला वाटलं, यांना कळतंय. पण त्यांनी ती सरांकडे दिली. सरांनी ती मिटली.

"हे सुतारकाम आहे," ते कळवळून म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "तुमचा हात इतका चांगला, आणि तुम्ही हे काय केलंत?"

निकाल आला, 'पुन्हा सादर करावे'. कारणाच्या जागी लिहिलं होतं, सौंदर्यदृष्टीचा अभाव.

त्याचा राग मी कसाबसा गिळला असता. पण मारुती झोपतो ही बातमी वसाहतीत पसरली होती, आणि रातपाळीवाल्या आणखी चार घरांनी सावंतमिस्त्रींना गाठलं होतं. वसाहतीवरच्या अधिकाऱ्यांच्या कानावर ते गेलं. त्यांनी येऊन भिंत पाहिली आणि नोटीस दिली. कंपनीच्या घरात विनापरवाना फेरफार, आठ दिवसांत काढून टाकावा. मला ऑफिसात बोलावलं. मी कामगाराच्या घरात काय करत होते, कुणाच्या हुकमानं, इथपासून सुरुवात झाली. मी अभ्यासक्रमाचं सांगितलं. मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. ते म्हणाले, तसं असेल तर प्रश्न मिटला, एवढं लिहून द्या.

मी लिहून दिलं. 'सदर काम माझ्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तात्पुरतं केलेलं असून ते काढून घेण्यास माझी हरकत नाही.'

माझी हरकत होती. ती सांगायला फक्त तोंड उघडायचं होतं, आणि मी सही केली. नोकरी जाईल, दादा काय म्हणेल, पुन्हा सादर करायचं राहून जाईल, असं सगळं एकदम डोक्यात आलं. ते अधिकारी काही राक्षस नव्हते. एखादे वेळी ऐकलंही असतं. ते आता कळायचं नाही.

भिंत मारुतीनंच उतरवली. मला एका शब्दानं बोलला नाही. त्या भिंतीआड तो सव्वा महिना झोपला होता. भिंत गेल्यावर दोन महिन्यांनी दुसरा मेमो यायच्या आतच त्यानं राजीनामा दिला आणि घर खाली करून गावाकडे परत गेला. बैलगाडीत सामान भरत होते तेव्हा मी गेले. म्हातारी गाडीत आधीच जाऊन बसली होती. सगुणा आतून खादीचे दोन्ही पडदे घेऊन आली, धुतलेले, घड्या घातलेले. झोळी केलेल्या पडद्याचं फाटकं टोक तिनं शिवलं होतं.

"तुमचं कापड, बाई," ती म्हणाली. मी राहू दे म्हटलं. तिनं ते माझ्या हातात ठेवलं आणि गाडीत चढली.

पुन्हा सादर करायला मी पुण्यातल्या एका डॉक्टरांचा दिवाणखाना घेतला. दोन खुर्च्या, एक कोच, बदामी पडदे. पहिला वर्ग मिळाला. परीक्षकांनी खास शेरा दिला. ते प्रमाणपत्र माझ्याजवळ आहे, आणि त्याच्या जोरावर मी पुढचं सगळं आयुष्य काढलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्यानंतर साधारण वर्षानं माझ्या टेबलावर एक नकाशा आला. कंपनी वसाहतीत नवी घरं बांधणार होती, एका रांगेत चाळीस. पुढची खोली, मागची खोली, आणि मधलं दार बरोबर भिंतीच्या मधोमध. मी कापड ताणलं, पेनमध्ये शाई भरली. बाकीचा सगळा नकाशा गिरवला आणि ते दार शेवटी ठेवलं. मग ते मूळ जागी न काढता भिंतीच्या टोकाला काढलं, पुढच्या दाराच्या रेषेत. तीन फुटांचा फरक. तेवढ्यानं जाणारीयेणारी माणसं एका कडेनं जातील आणि खोलीची दुसरी बाजू सबंध मोकळी राहील. साडेपाच नव्हे, चांगली आठ फूट.

ट्रेसरनं नकाशा बदलणं म्हणजे काय, हे कारकुनांना विचारावं. हिशेब लिहिणाऱ्यानं मनानं आकडा घालण्यासारखं आहे ते.

दुसऱ्या दिवशी दीक्षितसाहेबांनी मला बोलावलं. नुसतं कापड परत आलं नाही, मला बोलावलं. टेबलावर माझा नकाशा मूळ नकाशावर पसरलेला होता आणि दाराभोवती लाल गोल.

"हे दार सरकलंय," ते म्हणाले.

"हो."

"चुकून?"

हो म्हटलं असतं तर नवं कापड मिळालं असतं, फार तर बोलणी बसली असती. मी नाही म्हटलं. मग मारुतीचं सगळं सांगितलं. शेड, मेमो, भुशाची भिंत, मी दिलेली सही. ते वर न बघता ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी दाराजवळच्या आकड्यावर पेन्सिल टेकवली.

"दार सरकवलंत आणि माप जुनंच ठेवलंत," शेवटी ते म्हणाले. "गवंडी कुणाचं ऐकेल? रेघेचं की आकड्याचं?"

मी म्हटलं, आकड्याचं.

"आकडा बदला. अर्धवट काम करू नका." एवढं बोलून त्यांनी खोडरबर घेतलं, मूळ नकाशावरचं पेन्सिलीचं दार स्वतः खोडलं आणि पट्टी लावून टोकाला काढलं. इंजिनिअरसाहेबांना ते काय बोलले, मला माहीत नाही. नकाशा मंजूर होऊन आला, खाली त्यांची सही होती. त्यानंतर ते पुन्हा पहिल्यासारखेच गप्प झाले, आणि मला गाडीसाठी दहा मिनिटं आधी त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

घरं उभी राहिली. माणसं राहायला आली. काही महिने मी तिकडे गेले नाही, धीर होत नव्हता. मग एका दुपारी गेलेच. रांगेतल्या तिसऱ्या घराचं दार उघडं होतं. बीडकडचं कुटुंब, नवरा रातपाळीला. बाईनं आत बोलावलं. मी आधी कोपऱ्याकडे पाहिलं. तो तसाच होता, सबंध, मोकळा, आठ फुटांचा. त्यात एक टेबल होतं. टेबलावर विणलेला रुमाल, आणि रुमालावर नवा कोरा रेडिओ. तो इतक्या मोठ्यानं चालू होता, की बाईचं बोलणं मला ओठांवरून समजून घ्यावं लागत होतं.

तेवढ्यात ओसरीवरच्या उन्हातून नवरा आला. अंगावर घोंगडी, डोळे लाल. कुणी पाहुणी आलीय म्हणून उठून आला होता. रेडिओकडे मी बघतेय हे पाहून त्याला बरं वाटलं.

"हा कोपरा लई चांगला हाय बघा, बाई," तो ओरडून म्हणाला. "मधून कुणाचं येणं नाही, जाणं नाही. म्हणून तर इथं टेबल मावलं, अन् रेडिओला कुणाचा धक्का लागत नाही."

मी पदर खोचला आणि त्याला टेबलाचं दुसरं टोक धरायला सांगितलं.